घरच्या घरी ॲब्स्ट्रॅक्ट क्लोज-अप फोटोग्राफी करायची असेल तर मॅक्रो लेन्स घ्यावीच लागते का?

तुम्ही रत्नागिरीत राहता, पावसात कॅमेरा बाहेर काढता येत नाही आणि हाताशी क्रॉप सेन्सरचा डीएसएलआर व 50 मिमी लेन्स आहे, असं प्रश्नात लिहिलंय. तेवढ्यावर काम भागतं, अगदी जवळून मोठा फोटो घेणारी मॅक्रो लेन्स नको. 25 मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ नळी घ्या, मात्र विद्युत संपर्क असलेली. बिनसंपर्काच्या स्वस्त ट्यूबवर बहुतेक नव्या लेन्सचं ॲपर्चर (उजेड आत घेणारं छिद्र) कॅमेऱ्यावरून बदलता येत नाही. या जोडणीत साधारण काडेपेटीएवढा भाग फ्रेमभर दिसतो. लेन्स उलटी बसवायची रिव्हर्स रिंग आणखी स्वस्त पडते, पण तिच्यात लेन्सची मागची काच उघडी राहते. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत मला ते पटत नाही.

सुरुवात तेल-पाण्याने करा. सपाट तळाचं काचेचं भांडं दोन सारख्या उंचीच्या डब्यांवर ठेवा आणि खाली वीसेक सेंटिमीटरवर रंगीत कापड पसरा. ठळक रंगांची जुनी साडी उत्तम. टेबल लॅम्पचा उजेड बाजूने त्या कापडावर पाडा, पाण्यावर नाही. वरचा दिवा आणि पंखा दोन्ही बंद. दिव्याचं प्रतिबिंब पाण्यात पडतं आणि पंख्याच्या वाऱ्याने थेंब पळतात.

भांड्यात दोन सेंटिमीटर पाणी पुरे. नळाचं ताजं पाणी ओतलंत तर त्यातली हवा बारीक बुडबुड्यांनी काचेला चिकटते, म्हणून उकळून गार केलेलं घ्या. भांडी घासायच्या लिक्विडमध्ये टूथपिकचं टोक बुडवून ते पाण्यात अलगद फिरवा आणि मग औषधाच्या ड्रॉपरने अर्धा चमचा तेल थेंबाथेंबाने सोडा. साबण नसेल तर थेंब एकमेकांत मिसळून मोठाले होतात. जास्त झाला तर पाणी दुधाळ होतं. मग ते ओतून टाकून पुन्हा सुरुवात, दुसरा इलाज नाही. खोबरेल चालतं, पण ते 24 अंशांच्या आसपास थिजतं, त्यामुळे जानेवारीतल्या पहाटे सूर्यफुलाचं रिफाइंड बरं.

ॲपर्चर एफ 8, शटर 1/125 किंवा त्याहून जलद, आयएसओ 400 ते 800. ऑटोफोकस बंद करा आणि कॅमेरा ट्रायपॉडवरून सरळ खाली, पाण्याला समांतर लावा. एफ 8 वर जेमतेम दोन मिलिमीटर खोली शार्प येते. कॅमेरा जरा तिरका झाला की फ्रेमच्या एका बाजूचे थेंब धारदार आणि दुसऱ्या बाजूचे मऊ. मग ‘ॲपर्चर आणखी बारीक करू’ असं वाटतं, आणि नवशिके बहुतेक इथेच फसतात. एफ 22 वर विवर्तनाने, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्याने, सगळंच मऊ होतं, भांड्याच्या तळाचे ओरखडे उठून दिसतात आणि साडीचं विणकामही ओळखू येऊ लागतं. ॲब्स्ट्रॅक्ट संपलं, उरला फक्त साडीचा फोटो. म्हणून ॲपर्चर आहे तिथेच ठेवा आणि कॅमेरा सरळ करा.

दुसरा प्रयोग ध्रुवीकृत, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या प्रकाशाचा. एलसीडी लॅपटॉपवर पूर्ण पांढरा स्क्रीन लावा, लेन्सला सीपीएल (ध्रुवीकरण) फिल्टर लावून स्क्रीन काळा दिसेपर्यंत फिरवा आणि मध्ये प्लॅस्टिकचा पारदर्शक चमचा धरा. साच्यात घालताना प्लॅस्टिकमध्ये राहिलेला ताण रंगीत पट्ट्यांनी दिसतो. काचेवर सेलोटेपचे वेडेवाकडे थर चिकटवले तरी सुंदर रंग मिळतात. समुद्राचं पाणी वाळवून मिठाचे स्फटिक ठेवायची कल्पना कोकणात कुणालाही सुचेल, पण ते या पद्धतीत काळेच राहतात, कारण मिठाची घनाकार रचना प्रकाशाचं ध्रुवीकरण बदलत नाही. त्याऐवजी सायट्रिक ॲसिड घ्या: एक चमचा दोन चमचे गरम पाण्यात विरघळवून थेंब काचेच्या पट्टीवर पसरा. पावसाळ्यात तो दिवसभर चिकटच राहतो, म्हणून दिव्याखाली सुकवा. आणि ओली पट्टी लॅपटॉपजवळ नेऊ नका.

शिनाण्यांची कालवणातून उरलेली शिंपलीही टाकू नका. घासून वाळवा आणि आतली निळसर चमक टॉर्चच्या अगदी आडव्या उजेडात बघा. समोरून उजेड टाकलात तर फक्त पांढरा डाग येतो.

काम झालं की कॅमेरा बॅगेत ठेवू नका, बॅगच ओल धरते. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक टाकून ठेवा. काटा 40 ते 50 टक्क्यांत हवा. 60च्या वर दिसला की जेल बदला, नाहीतर गणपतीपर्यंत लेन्सच्या आत बुरशीचे धागे दिसू लागतील.