रंग गेला म्हणजे प्रदूषक गेले का?

प्रश्न : टिटॅनियम डायऑक्साइडला कार्बनची जोड दिली, तर नुसत्या उन्हात रंगीत सांडपाणी स्वच्छ होते, असे वाचले. यात कार्बन नेमके काय करतो? कापड प्रोसेसिंगच्या सांडपाण्याला हे लागू पडेल का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : टिटॅनियम डायऑक्साइड ही प्रकाश पडल्यावर रासायनिक क्रिया घडवून आणणारी पांढरी भुकटी, म्हणजे प्रकाश-उत्प्रेरक आहे. तिच्या अ‍ॅनाटेज या स्फटिकरूपातील इलेक्ट्रॉन उद्दीपित होण्यास सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. ती ३८७ नॅनोमीटरहून आखूड तरंगलांबीच्या अतिनील किरणांतच असते आणि उन्हात असे किरण जेमतेम चार-पाच टक्के असतात. इलेक्ट्रॉन उद्दीपित झाला की मागे उरलेली धनभारित पोकळी पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक (अतिशय क्रियाशील अणुगट) निर्माण करते आणि हा मूलक बहुतेक सेंद्रिय रेणूंचे विघटन करतो.

कार्बन स्फटिकात किंवा त्याच्या पृष्ठभागावर सामावला, की दृश्य प्रकाशही काही प्रमाणात उपयोगी पडू लागतो. शक्तिवेल आणि किश या संशोधकांनी २००३ मध्ये अशा पदार्थाने दिवसाच्या उजेडात क्लोरोफेनॉल या प्रदूषकाचे विघटन करून दाखवले. ग्राफीन (कार्बनचा एका अणूइतका पातळ थर) किंवा सक्रिय कोळसा यांची जोड दिल्यास प्रदूषक उत्प्रेरकाजवळ गोळा होतात. ग्राफीन इलेक्ट्रॉन वाहून नेत असल्यामुळे इलेक्ट्रॉन आणि पोकळी पुन्हा एकत्र येऊन वाया जाण्यासही विलंब लागतो.

मात्र रंग नाहीसा होणे हा विघटनाचा पुरावा नव्हे, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. कोळसा अंधारातही रंग शोषून घेतो, आणि तो रंग भुकटीवर जसाच्या तसा राहतो. शिवाय मिथिलिन ब्ल्यूसारखे रंगद्रव्य स्वतःच दृश्य प्रकाश शोषून उत्प्रेरकाला इलेक्ट्रॉन देते, त्यामुळे रंग उडण्याचे श्रेय चुकीने उत्प्रेरकातील कार्बनला जाते. म्हणून अंधारातील चाचणी, रंगहीन प्रदूषकावरील चाचणी आणि पाण्यातील एकूण सेंद्रिय कार्बनचे (म्हणजे पाण्यातील सेंद्रिय पदार्थांत असलेल्या कार्बनचे) आधीचे व नंतरचे मापन, या तिन्ही गोष्टी दाखवल्याखेरीज कोणत्याही विक्रेत्याचा दावा मान्य करू नये.

प्रोसेसिंगच्या सांडपाण्यात गडद रंगामुळे प्रकाश खोलवर पोहोचत नाही, कार्बोनेट व बायकार्बोनेट मूलकांना मध्येच संपवतात, आणि बारीक भुकटी पाण्यातून परत मिळवण्याचा खर्च वेगळाच. त्यामुळे मुख्य प्रक्रियेला पर्याय म्हणून याचा विचार करू नये. जैविक प्रक्रियेनंतर उरलेल्या, सहज न कुजणाऱ्या अल्पशा अंशासाठी, काचेवर किंवा सिरॅमिकवर घट्ट बसवलेल्या थराच्या स्वरूपात त्याची छोट्या प्रमाणावर चाचणी घेणे रास्त ठरेल.