काठमांडूच्या ठमेल बाजारात ‘शंभर वर्षं जुनी’ म्हणून दाखवलेली खुकुरी (गुरख्यांचा वाकडा सुरा) संग्रहासाठी घ्यावी का? खरी कशी ओळखायची?

तुम्ही लिहिलंय की मूठ हाडाची आहे, पात्यावर सिंह कोरलाय आणि म्यानावर रंगीत खडे आहेत. या वर्णनावरून तरी मी ती घेणार नाही. नक्षीला माझा विरोध नाही. कोथिमोरा खुकुरीच्या म्यानावरचं चांदीकाम बघत राहावं असं असतं. पण पात्यावर कोरलेली चित्रं आणि खडे बहुतेक वेळा पर्यटकांसाठी केलेल्या मालावरच दिसतात.

नक्षी सोडा, आधी पात्याची पाठ बघा. धार खाली करून मुठीकडून टोकाकडे नजर टाका. चांगल्या खुकुरीची पाठ मुठीपाशी ८ ते १० मिलिमीटर जाड असते आणि टोकाकडे सावकाश पातळ होत जाते. तापलेलं लोखंड ऐरणीवर घणाने ओढत नेल्याशिवाय हा उतार सहसा येत नाही. पत्र्यातून कापलेलं पातं टोकापर्यंत जवळजवळ एकाच जाडीचं राहतं, आणि हातात घेतल्यावर ते नुसतं जड लागतं. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या नसतील तर हरकत नाही. पातं डावीउजवीकडे वळलेलं किंवा धारेत केसासारखी चीर असेल, तर मात्र सोडून द्या.

मग पात्याला दिलेलं पाणी, म्हणजे ते कसं कडक केलंय ते. पूर्व नेपाळातल्या भोजपूर, धरानकडचे विश्वकर्मा (लोहार) कारागीर बहुतेक वेळा ट्रक-जीपच्या स्प्रिंगचे जुने पाटे वापरतात, आणि त्यात कमीपणा काही नाही, ते उत्तम पोलाद आहे. पातं लाल करून किटलीच्या धारेने फक्त धारेवर पाणी सोडतात. त्यामुळे धार कडक होते आणि पाठ मऊ, लवचीक राहते. नव्या खुकुरीवर बारीक कानस फिरवून बघता येते: धारेवर ती घसरायला हवी, पाठीवर धरायला हवी. जुन्या वस्तूवर हा प्रयोग कृपा करून करू नका.

मुठीत पात्याचं शेपूट कसं बसवलंय तेही बघा. ते मुठीतून आरपार जाऊन मागे ठोकलेलं असेल, किंवा पूर्ण रुंदीचं असून रिव्हेटने जखडलेलं असेल, तर दोन्ही पद्धती योग्य आहेत. मूठ हलता कामा नये. म्यानाच्या मागच्या खणात कर्द (छोटी सुरी) आणि चकमक (धार लावायचं बोथट पातं) असतात. त्या जोडीची घडण मुख्य पात्याशी जुळते का, हे बघायला विसरू नका.

वयाचा पुरावा शोधायचा तर पाठीवरची अक्षरं वाचा. नेपाळच्या राणा घराण्याच्या काळातल्या लष्करी खुकुऱ्यांवर देवनागरीत पलटणीचं नाव, अंक आणि संवत कोरलेला सापडतो, तो आपल्याला थेट वाचता येतो. संवत बहुधा विक्रमाचा असतो, आपल्या पंचांगातला शक नव्हे. त्यातून साधारण ५७ वजा करा: संवत १९७८ म्हणजे इसवी सन १९२१. ‘श्री ३’ हा राणा पंतप्रधानांचा किताब, आणि राणा सत्तेवर आले १८४६ मध्ये. म्हणजे ‘श्री ३’ सोबत संवत १८९० कोरलेला दिसला, तर तो मजकूर बनावट समजा.

खुकुरी नवी असेल, तर ती कोणत्या गावात, कुणाच्या आरणात (लोहाराच्या भट्टीत) घडली ते विचारा आणि लिहून ठेवा. ज्या ‘कामी’ म्हणजे विश्वकर्मा लोहार समाजाने ही पाती घडवली, त्याला नेपाळच्या कायद्याने १९६३ पर्यंत अस्पृश्य ठरवलं होतं. कारागिरांची नावं फारशी नोंदलीच गेली नाहीत. माझ्या लेखी नाव-गाव माहीत असलेली नवी खुकुरी निनावी ‘पुरातन’ वस्तूपेक्षा जास्त मोलाची आहे.

उपसताना म्यानाला धारेच्या बाजूने बोटांचा विळखा घालू नका. म्यान दोन लाकडी फाकांचं असतं, धार सांध्यातून बाहेर येऊ शकते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात पातं तेल लावून म्यानाबाहेरच ठेवा, म्यानाचं चामडं ओल धरतं.

राहिला कायदा. भारतात ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं, घरगुती वा शेतीकामाचं नसेल तर, शस्त्र कायद्याच्या कक्षेत येतं. त्यामुळे आणण्याआधी सीमाशुल्क खात्याकडे चौकशी करा. आणि नेपाळातून शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय बाहेर नेता येत नाही. तुमच्या दुकानदाराकडे आधी तो कागद मागा. ‘ही वस्तू पुरातन नाही’ असा दाखला त्याने पुढे केला, तर शंभर वर्षांची किंमत देऊ नका.