पहिला गेम: आधी टोपली हलू दे

भाऊ, पहिलाच गेम दहा लेव्हलचा करायचं म्हणतोस, तो विचार आत्ता सोड. वरून जळगावची केळी पडताहेत, खाली टोपली, झेललं की एक गुण. एवढंच स्क्रॅचमध्ये कर, म्हणजे ठोकळे (ब्लॉक) जोडून गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये. ते फुकट आहे, डाउनलोड केलं की नेटशिवायही चालतं.

चित्रं शेवटी काढ. आधी साध्या चौकोनाची टोपली बाणाच्या बटणांनी हलव. पडदा आडवा -२४० ते २४०, उभा -१८० ते १८०. केळं १८० वर, आडवी जागा दर वेळी वेगळी.

नवशिके इथेच अडकतात:
- केळं टोपलीला लागलं का, ही तपासणी 'सतत'च्या (forever) ब्लॉकमध्ये ठेवत नाहीत, मग ती एकदाच होते.
- झेललेलं केळं लगेच वर पाठवत नाहीत, मग एकाच केळ्याचे वीस गुण! माझेही दोन दिवस यातच गेले.
- सुरुवातीला गुण शून्य करत नाहीत.

रोज वेगळ्या नावाने सेव्ह कर. टोपली हलली की सांग, मग आवाजाचं बघू.