सिंगापूरला निघालेल्या सोलापूरकरांचे प्रश्न

दिवाळीची सुट्टी जवळ आली की सिंगापूरची चौकशी वाढते. वीस वर्षं सोलापुरातून लोकांना सहलीला पाठवतोय आणि सोबतही नेतोय, पण प्रश्न काही बदलत नाहीत. बरेचसे प्रश्न कुणीतरी सांगितलेल्या अर्धवट गोष्टीतून निघालेले असतात. म्हणून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र घेतो.

प्रश्न : माझ्या मुलाकडे अमेरिकेचा व्हिसा आहे. मग त्याला सिंगापूरचा व्हिसा लागत नाही, असं मेव्हण्यांनी सांगितलं. खरं का? (सम्राट चौक)

फक्त सिंगापूर बघायला जाणार असेल, तर लागतो. मेव्हण्यांनी सांगितलेली सवलत सिंगापूरमार्गे तिसऱ्या देशाला जाणाऱ्या किंवा तिकडून परतणाऱ्या प्रवाशांसाठी आहे. ती 96 तासांपुरती असते, पुढचं पक्कं तिकीट लागतं, आणि तरीही आत सोडायचं की नाही हे तिथला अधिकारी ठरवतो. मुलाचं तिकीट घेऊन अधिकृत व्हिसा एजंटाकडे जा आणि त्याच्याकडून खात्री करून घ्या. शिवाय पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक आहे का, हे आजच बघा.

प्रश्न : 'अरायव्हल कार्ड'साठी एका वेबसाइटने माणशी पैसे मागितले. भरावेत का? (होटगी रोड)

एक रुपयाही भरू नका. हे कार्ड सिंगापूरच्या इमिग्रेशन खात्याच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट भरता येतं, तेही पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. सरकारी दिसणारी पानं उघडून पैसे उकळणारे पुष्कळ आहेत. हे कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे, हेही लक्षात ठेवा.

प्रश्न : आमच्या पॅकेजमध्ये पहिल्या दिवशी अर्ध्या दिवसाची 'सिटी टूर' आहे. मरलायनचा पुतळा, लिटिल इंडिया, चायनाटाउन, अरब स्ट्रीट सगळं त्यात लिहिलंय. म्हणजे वस्त्या बघून होतील ना? बाकीचे दिवस सेंटोसा बेट आणि तिथल्या युनिव्हर्सल स्टुडिओला ठेवले आहेत. (जुळे सोलापूर)

नाही होणार. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि दर वेळी जीव तुटतो, म्हणून सविस्तर लिहितो.

पॅकेजचा कागद नीट वाचा. वस्त्यांच्या नावापुढे बारीक अक्षरात 'ड्राइव्ह थ्रू' किंवा 'फोटो स्टॉप' असं असतं. म्हणजे बस सेरंगून रोडवरून जाणार, गाइड माइकवर 'डावीकडे लिटिल इंडिया' म्हणणार, तुम्ही काचेतून मोबाइल धरणार आणि झालं. वाचलेला वेळ दागिन्यांच्या नाहीतर चॉकलेटच्या दुकानात जातो, कारण तिथे कमिशन असतं. परत आलेली माणसं मला सांगतात, 'लिटिल इंडियात काय बघायचं, आपल्यासारखंच तर आहे.' त्यांना कुणी बसमधून उतरू दिलेलंच नसतं.

या वस्त्या कशा झाल्या, ते जाण्याआधी घरात मुलांना सांगा. 1819 साली ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी रॅफल्स तिथे उतरला आणि 1822 च्या नगररचनेत चिनी, मलय, अरब, दक्षिण भारतातले चुलिया अशा सगळ्यांना वेगवेगळे भाग आखून दिले गेले. माणसं मात्र आखलेल्या रेघांच्या आत राहिली नाहीत. सिंगापूरचं सर्वांत जुनं हिंदू मंदिर श्री मारिअम्मन, 1827 चं. ते लिटिल इंडियात नाही, चायनाटाउनमध्ये साउथ ब्रिज रोडवर आहे. त्याच रस्त्यावर काही पावलांवर चुलिया मुस्लिमांची जामे मशीद आणि थोडं पुढे बुद्धाच्या दंतावशेषाचं मंदिर. लिटिल इंडिया तर त्या जुन्या आराखड्यात नव्हतंच. तिथे गुरांचा व्यापार वाढला आणि त्याच्या आधाराने वस्ती वाढली. तिथल्या एका गल्लीचं नाव बफेलो रोड आणि शेजारच्या गल्लीचं केरबाऊ रोड. केरबाऊ म्हणजे मलय भाषेत म्हैसच! त्याच केरबाऊ रोडवर एका चिनी व्यापाऱ्याचं 1900 सालचं रंगीबेरंगी घर उभं आहे.

काम्पाँग ग्लाम, म्हणजे अरब स्ट्रीटचा भाग, बसमधून बघितला तर सुलतान मशिदीचा सोनेरी घुमट तेवढा दिसतो. सध्याची इमारत 1932 साली पुरी झाली. खाली उतरून जवळ जा आणि घुमटाच्या बुडाशी असलेला काळसर पट्टा बघा. तो नक्षीकामाचा नाही, काचेच्या बाटल्यांची बुडं एकाला एक लावून केलेला आहे. बांधकामाला पैसे देऊ न शकणाऱ्या गरिबांनी बाटल्या दिल्या आणि त्यांचाही हात त्या घुमटाला लागला. मशीद बघून झाली की अरब स्ट्रीटवरच्या कापडाच्या दुकानांत शिरा. चादरी-टॉवेलच्या गावातली माणसं आपण, बाटिकचा कपडा बोटांत धरून बघितल्याशिवाय परत येणं बरं नव्हे.

आणि वॉटर्लू स्ट्रीट. हा कुठल्याच पॅकेजमध्ये मी बघितलेला नाही. तिथे क्वान इम या चिनी देवीचं मंदिर आहे आणि त्याला लागूनच श्रीकृष्णाचं. देवीचं दर्शन घेतलेली चिनी माणसं तशीच शेजारी येतात, कृष्णासमोर उदबत्त्यांची जुडी दोन्ही हातांत धरून कपाळापर्यंत उचलतात, मान लववतात आणि बाजारहाटाला निघून जातात. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी रस्त्याच्या कडेला अर्धा तास उभा होतो.

तेव्हा एक दिवस सेंटोसातून काढा. सगळं मेट्रोवर आहे. लिटिल इंडियाहून जांभळ्या मार्गाने चायनाटाउन तिसरं स्टेशन, निळ्या मार्गाने बुगीस दुसरं. बुगीसला उतरलं की अरब स्ट्रीट आणि वॉटर्लू स्ट्रीट दोन्ही चालत. उकाडा फार असतो, म्हणून सकाळी लवकर निघा, दुपारी हॉटेलवर पडा आणि पाचनंतर पुन्हा बाहेर पडा. रविवारी संध्याकाळी लिटिल इंडियात सुट्टीवरच्या कामगारांची प्रचंड गर्दी असते. घाबरण्यासारखं काही नाही, पण लहान मुलं सोबत असतील तर दुसरा वार निवडा.

पैसे भरण्याआधी एजंटाकडून तीन गोष्टी लेखी घ्या : कुठे उतरवणार, तिथे किती वेळ देणार, आणि कोणकोणत्या दुकानांत नेणार. तो लिहून द्यायला टाळाटाळ करत असेल, तर दुसऱ्या दोन ठिकाणी विचारून मग ठरवा.

प्रश्न : आम्ही पूर्व भागातले, घरात तेलुगू. आईला हिंदी-इंग्रजी येत नाही. तिथे तिचं कसं होईल? (अशोक चौक)

इंग्रजी, मलय, चिनी आणि तमिळ या तिथल्या चार अधिकृत भाषा. मेट्रोच्या पाट्यांवरही तमिळ दिसते. तेलुगू बोलणारे भेटतील, पण त्यावर विसंबू नका. आईंच्या पर्समध्ये हॉटेलचं नाव, पत्ता आणि तुमचा नंबर इंग्रजीत लिहिलेलं कार्ड ठेवा. बाजारात एका दुकानासमोर मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू ऐकत वाढलेल्या बाईंना तिथे परकं वाटणार नाही, हे मात्र मी खात्रीने सांगतो.

प्रश्न : आम्ही जैन. खाण्याचे हाल होतील का? (नवी पेठ)

हाल होणार नाहीत. लिटिल इंडियात शाकाहारी दाक्षिणात्य उपाहारगृहं भरपूर आहेत. कोमला विलास तर 1947 पासून चालू आहे. चिनी बौद्ध शाकाहारी जेवणात परंपरेने कांदा-लसूण नसतो, हे आपल्याकडे फार कुणाला ठाऊक नाही. पण बटाटा आणि इतर कंदमुळं असतात, आणि सोया किंवा गव्हाच्या सत्त्वाचे पदार्थ हुबेहूब मांसासारखे दिसतात. ते बघून आजी-आजोबांना मळमळू शकतं, म्हणून आधी सांगून ठेवा. नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही. अंडं, मासळी, कंद यांचं एकेकाचं नाव घेऊन विचारा.

प्रश्न : दिवाळीतच जातोय. फराळ, शेंगाची चटणी, कडक भाकरी न्यावी म्हणतो. वडिलांना मिश्री लागते. थोडी नेली तर कोण बघतं? (शेळगी)

'कोण बघतं' हे मनातून काढून टाका. तिथे बघतात.

कडक भाकरी आणि कोरडी चटणी घरच्यापुरती, बंद पाकिटात न्यायला हरकत नसते. अनारसे नेऊ नका. खसखस हे अफूच्या बोंडातलं बी, त्यात मॉर्फिनचा अंश राहू शकतो, म्हणून सिंगापुरात ती प्रतिबंधित मालात धरली आहे. चिवड्यात, मसाल्यात, लाडवात खसखस आहे का, हे करणाऱ्या बाईंना विचारा. एका दिवाळीत मुंबईत विमानतळावर जाण्याआधी मी सगळ्यांच्या बॅगा उघडायला लावल्या होत्या. एका काकूंच्या डब्यात चाळीस अनारसे निघाले, मुलीसाठी रात्रभर जागून केलेले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी मी ते काढून ठेवायला लावले. आजही लावेन.

मिश्री, गुटखा, मावा, जर्दा यांतलं काहीही चालत नाही. चघळायचा तंबाखू नेण्यावर बंदी आहे, ई-सिगारेटवरही. सिगारेटला करमाफी नाही, एका पाकिटावरही कर भरावा लागतो. वडिलांची सवय जुनी असेल तर निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांशी बोला. तिथे गेल्यावर तडफड नको.

ओळखीच्यांनी 'आमच्या भाच्याला एवढं पुडकं द्या' म्हटलं तर स्वच्छ नाही म्हणा, मग ते रागावले तरी चालतील. 15 ग्रॅमहून जास्त हेरॉइन नेल्याबद्दल तिथे फाशी आहे. 'मला माहीत नव्हतं' हे सिद्ध करण्याचा भार बॅग ज्याची त्याच्यावर येतो.

प्रश्न : सासूबाई रोज झोपेची गोळी घेतात. नेता येईल? (विजापूर रोड)

बऱ्याच झोपेच्या गोळ्यांना आणि कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधांना तिथल्या आरोग्य खात्याची आधी परवानगी लागते. डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव आणि प्रमाण इंग्रजीत लिहून घ्या आणि अर्ज आत्ताच करा, कारण आदल्या आठवड्यात आठवून उपयोग नसतो.

प्रश्न : तिकीट न काढता बघण्यासारखं काय आहे? (सात रस्ता)

बोटॅनिक गार्डन, जे 2015 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. त्यातल्या ऑर्किडच्या बागेला तेवढं तिकीट पडतं. गार्डन्स बाय द बेमधली ती उंच लोखंडी झाडं आणि त्यांचा रात्री पावणेआठ व पावणेनऊचा प्रकाशाचा खेळही फुकट बघता येतो. देखभालीसाठी तो कधीकधी बंद असतो, म्हणून त्या दिवशी चौकशी करून जा.

प्रश्न : मेट्रोत मुलांना बिस्कीट दिलं तर? (बाळे)

देऊ नका. खाण्यापिण्याला 500 सिंगापुरी डॉलरपर्यंत दंड आहे. गाडीत चढण्याआधीच खाऊ घाला.

प्रश्न : देवळांत आणि मशिदीत आपल्याला आत सोडतात का? (लष्कर)

सोडतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चपला बाहेर. मशिदीत नमाजाच्या वेळी, आणि शुक्रवारी तर नकोच. श्री मारिअम्मनमध्ये दिवाळीच्या सुमारास अग्नीवरून चालण्याचा तिमिथी उत्सव असतो. तुमच्या तारखा त्या दिवसांत येत असतील तर दर्शनाच्या वेळा बदलतात, म्हणून मंदिराच्या कार्यालयात आधी विचारा आणि मगच हॉटेल पक्कं करा.