राख काढल्याशिवाय निखारा दिसत नाही

प्रश्न : पाळकसाहेब, ख्रिस्तात सलाम. बावीस वर्षांपूर्वी एका तरुण शिबिरात मी आपले जीवन प्रभूला दिले. त्यानंतरची काही वर्षे अशी होती की पहाटे गजर होण्याआधी जाग येई, पवित्र शास्त्र वाचताना वेळेचे भान राहत नसे आणि गीते गाताना डोळे भरून येत. आज मी शब्बाथ शाळेत शिकवते, गायनवृंदात गाते, महिला मंडळाची चिटणीस आहे; परंतु प्रार्थनेला बसले की तीन-चार मिनिटांत शब्द संपतात आणि मन दुसऱ्या दिवसाच्या कामांकडे धावते. मुलांना येशूच्या प्रीतीविषयी सांगताना आपण पाठ केलेले बोलत आहोत असे वाटून मनाला टोचणी लागते. माझे तारण, म्हणजे पापातून झालेली सुटका, खरे होते ना? आतून कोरडे असताना शिकवणे हे ढोंग नाही का? शब्बाथ शाळेचे काम सोडून द्यावे, असा विचार पक्का होत आला आहे.
— एक भगिनी

उत्तर : प्रिय भगिनी, आपल्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण मला काळजी त्याचीच अधिक वाटते. हा निर्णय आत्ता घेऊ नका. मन उजाड झालेले असताना, पूर्वी शांत मनाने केलेला निश्चय बदलू नये, असा नियम येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी 16व्या शतकात घालून दिला आणि तो आजही तितकाच उपयोगी आहे. आपण विचारलेला प्रश्न मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक, इंग्लंडमधील उपदेशक जॉन वेस्ली यांनाही पडला होता. जो विश्वास माझ्याजवळच नाही त्याचा उपदेश मी कोणत्या तोंडाने करू, असे त्यांनी 1738 च्या मार्चमध्ये पीटर बोलर या मोरेव्हियन (एका प्रॉटेस्टंट पंथातील) मित्राला विचारले. विश्वास लाभेपर्यंत विश्वासाचाच उपदेश करत राहा, मग तो लाभला म्हणून कराल, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले. त्याच वर्षी 24 मे रोजी लंडनमधील आल्डर्सगेट रस्त्यावरच्या सभेत त्यांच्या अंतःकरणाला ऊब जाणवली, हे आपण उपदेशांतून अनेकदा ऐकले असेल. त्यापुढची गोष्ट मात्र आम्ही उपदेशक सहसा सांगत नाही (त्यात आमचीही चूक आहे). त्या अनुभवाला आठ महिनेही झाले नव्हते, तोच 4 जानेवारी 1739 च्या रोजनिशीत वेस्ली यांनी आपण ख्रिस्ती नाही असे लिहून ठेवले. आणि तरीही त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ते ब्रिस्टल येथे उघड्या मैदानात उपदेश करू लागले. मनातली ऊब हे तारणाचे मोजमाप असते, तर वेस्ली यांचे तारण वर्षभरात कितीदा तरी आले आणि गेले असे म्हणावे लागले असते. आपले तारण ख्रिस्ताने केलेल्या कार्यावर उभे आहे, त्यामुळे शिबिरातील अश्रू आटले म्हणून ते खोटे ठरत नाही. ढोंगाविषयी एवढेच म्हणतो की ढोंगी मनुष्य आपल्या कोरडेपणाविषयी असे व्याकूळ पत्र लिहीत नाही.

आता कोरडेपणाविषयी. तो एकाच जातीचा नसतो, आणि सगळ्यांना एकच औषध देण्याची आमची सवय घातक आहे. दावीद राजाने 51व्या स्तोत्रात तारणाचा हर्ष परत मागितला, त्यामागे एक ठरावीक पाप होते आणि त्याचे नाव त्याला ठाऊक होते. आपल्यालाही तसे काही ठाऊक असेल तर पुढचे वाचण्याआधी ते प्रभूपुढे कबूल करा. एलीयाचे प्रकरण वेगळे होते. कर्मेल डोंगरावर स्वर्गातून अग्नी उतरलेला पाहणारा हा संदेष्टा रतामाच्या झुडुपाखाली मरण मागत बसला, तेव्हा देवदूताने त्याला बोल लावला नाही; निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले आणि उठवून पुन्हा खायला दिले. प्रकटीकरणाच्या पुस्तकातील इफिसच्या ख्रिस्ती मंडळीचे दुखणे तिसरेच होते. तिचे श्रम, धीर आणि सिद्धान्ताविषयीची दक्षता यांची प्रभूने प्रशंसा केली, पण पहिल्या प्रीतीची जागा त्या श्रमांनीच घेतली होती.

आपले पत्र वाचून मला आधी एलीया आठवला आणि मग इफिस. तीन जबाबदाऱ्या, घर, आणि कदाचित नोकरीही! काही सोडायचेच असेल तर चिटणीसपद सोडा. इतिवृत्त आणि हिशेब दुसरे कोणीही लिहील; शब्बाथ शाळेतील मुलांसाठी मात्र आपल्याला आठवड्यातून एकदा तरी वचन उघडावे लागते, आणि कोरड्या दिवसांत तेवढा आधारही मोठा असतो.

जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या 6व्या अध्यायात वेदीवरचा अग्नी कधी विझू देऊ नये अशी आज्ञा आहे, ती सर्वांना पाठ असते. तिच्या आधीच्या ओळींकडे फारसे कोणी पाहत नाही : याजकाने तागाच्या कापडाची वस्त्रे घालून वेदीवरची राख काढायची, मग वस्त्रे बदलून ती छावणीबाहेर नेऊन टाकायची, आणि रोज सकाळी नवे लाकूड घालायचे. अग्नी देवाकडून आला होता. राख आणि लाकूड मात्र माणसाकडे सोपवले होते. राख ही काल जळून गेलेल्या अर्पणाचीच असते. शिबिरातील तो अनुभव पवित्र होता, परंतु गेली कित्येक वर्षे आपण रोजची प्रार्थना त्याच्याशी ताडून पाहत आहात, आणि त्या तुलनेत ती रोज हरते आहे. ती तुलना थांबवा. मनात कोणाविषयी साठलेली कटुता असेल तर तीही बाहेर न्या.

लाकडाविषयी सांगायचे तर, शब्द तीन मिनिटांत संपतात त्याची लाज बाळगू नका. पुढची दहा मिनिटे एक स्तोत्र मोठ्याने, सावकाश वाचा. माझे स्वतःचे शब्द जवळजवळ दोन वर्षे आटले होते, तेव्हा मी दाविदाच्याच शब्दांवर दिवस काढले. दुसरे असे की एकटीने झगडू नका. तुझ्या ठायी असलेले कृपादान प्रज्वलित कर, असे प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिले; तेथील मूळ ग्रीक क्रियापदात विस्तव पुन्हा पेटता करण्याचा भाव आहे, म्हणजे निखारा आत आहे हे पौलाने गृहीतच धरले होते. आणि हे लिहिताना त्याने तीमथ्याची आजी लोईस, आई युनीके आणि स्वतःचे हात ठेवणे यांची आठवण दिली. आपल्या विश्वासाची लोईस कोण होती? तिला, किंवा तिच्यासारख्या कोणाला, आठवड्यातून एकदा बरोबर प्रार्थनेला बसवा. कोरडेपण किती टिकेल हे मी सांगू शकत नाही. मदर तेरेसा यांची 2007 मध्ये प्रसिद्ध झालेली पत्रे वाचणाऱ्यांना ठाऊक आहे की त्यांनी हा कोरडेपणा कित्येक दशके सोसला आणि तशाच त्या रोज प्रार्थनेला बसत राहिल्या.

प्रश्न : आमच्या मंडळीत उपासना थंड झाली आहे. तरुण संघाला उज्जीवन सभा (विश्वास पुन्हा जागवण्यासाठीच्या सभा) हव्या आहेत, मंडळीचा कारभार पाहणारे पंच म्हणतात की तीन दिवसांचा उत्साह चौथ्या दिवशी विरतो. कोणाचे खरे?
— एक बंधू

उत्तर : दोघांचेही. पुनरुत्थित येशू अम्माऊस गावाच्या वाटेवर दोघा शिष्यांना भेटला, तेव्हा त्याने शास्त्राचा उलगडा करताना त्यांचे अंतःकरण पेटत होते, पण ते त्यांनी बोलून दाखवले त्याने भाकर मोडल्यानंतर, आणि मग त्याच घटकेस ते यरुशलेमेस इतरांकडे परत गेले. सभा जरूर घ्या. मात्र वक्ता ठरवण्याआधी, सभेनंतरच्या बुधवारपासून कोण कोणाच्या घरी वचन वाचायला जमणार याची यादी तयार करा, आणि त्या यादीत पहिली घरे पंचांची लिहा.