मेरी ट्यूडरचा सॉव्हरिन घेताय? आधी तराजू काढा

किंमत नंतर, आधी वजन विचारा. इंग्लंडच्या पहिल्या मेरी राणीचा सॉव्हरिन म्हणजे सोन्याचं नाणं, तीस शिलिंगांचा, जवळजवळ शुद्ध सोन्याचा, सुमारे 15.5 ग्रॅम. बरंच कमी भरलं तर कडा कातरलेल्या असणार. कडा कातरून सोनं काढून घेणं हा त्या काळी धंदाच होता.

हातोड्याने पाडलेलं नाणं गरगरीत गोल नसतंच. ठसा सरकलेला, सिंहासनावरच्या राणीचा चेहरा सपाट, हे चालतं. भिंग लावायचं ते अक्षरांच्या मुळाशी. तिथे बारीक बुडबुडे किंवा साबणासारखे झिजलेले कोपरे दिसले, तर नक्कल ओतीव आहे. रोमन अंकांत 1553 कोरलेलं आहे एवढ्यावर भाळू नका, तेही ओतता येतं. वरच्या काठाला डाख दिल्याची खूण शोधा; बरीच नाणी कधीतरी गळ्यात लटकलेली असतात. भाव तिथेच पडतो, आणि विकणारा ते सांगेलच असं नाही.

जुन्या लिलावाच्या कॅटलॉगमधला फोटो जुळला तर उत्तम. खिसा तेवढा नसेल तर मेरीचाच एंजल बघा: दहा शिलिंगांचा, एकीकडे ड्रॅगनला मारणारा सेंट मायकल, दुसरीकडे जहाज. 1554मध्ये मेरीचं स्पेनच्या फिलिपशी लग्न झालं; त्यानंतरच्या एंजलवर त्याचंही नाव येतं. आणि घासूनपुसून चकचकीत केलेलं काही आलं, तर सरळ परत करा.