शिडी का काढून घेतली?

(नाशिकच्या अंबडमधल्या कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स पाहणाऱ्या एका वडिलांचं पत्र आहे. लेक बारावी सायन्सला. कॉलेजच्या एकांकिकेत तिने प्रोजेक्टर लावून वाड्याच्या भिंतीवर गोदेचा पूर चढवला आणि बक्षीस मिळवलं. वडिलांनी आता प्रोजेक्शन मॅपिंग, म्हणजे भिंतीच्या आकारावर नेमकं बसेल असं चित्र टाकायचं तंत्र, याचा दोन वर्षांचा, साडेचार लाखांचा डिप्लोमा ठरवला आहे. 2027च्या सिंहस्थात अशी कामं भरपूर निघतील, असं संस्थेनं त्यांना सांगितलं. ‘निर्णय बरोबर आहे ना?’ असं ते विचारतात.)

नमस्कार.

मुलांच्या डोक्यातून नाटक कसं काढायचं, अशी पत्रं मला नेहमी येतात. तुम्ही नाटकातल्याच कामासाठी पैसे उभे करायला निघालात, म्हणून पत्र वाचताना सुरुवातीला बरं वाटलं. मग ही ओळ आली: “तिला लाइटवाल्यांबरोबर शिडीवर चढायची आवड आहे, ते आम्ही बंद केलं. कॉम्प्युटरचं काम येत असताना हमाली कशाला?”

त्या ओळीनंतर मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ‘आम्ही ठरवलं’, ‘आम्ही चौकशी केली’, ‘आम्ही नाव घातलं’. तिला काय आवडतं, हे अख्ख्या पत्रात एकदाच आलंय आणि तेही बंद केल्याचं सांगताना. इंजिनिअरिंगसाठी मुलांवर येणारा दबाव आपल्याला लगेच ओळखू येतो. हाही दबावच आहे, फक्त तो कौतुकाच्या वाटेनं आला. बक्षीस मिळालं तिला, आणि त्याचा अर्थ लावला तुम्ही.

तुमच्या मनात काय असेल, हे मला समजतं. तुम्ही स्वतः आयुष्यभर शिडीवर चढलात, पॅनेलमध्ये हात घातलेत. लेकीनं एसीत बसून काम करावं असं वाटणं साहजिक आहे. मुलगी म्हणूनही ती शिडी खुपत असावी, तुम्ही तसं लिहिलं नसलं तरी. पण ज्याला तुम्ही हमाली म्हणता, तीच या कामाची शाळा आहे.

प्रोजेक्शन मॅपिंग म्हणजे सॉफ्टवेअर, हा गैरसमज संस्थाही पसरवतात. सॉफ्टवेअरमध्ये चित्र दार, खांब, कोनाडा यांच्या आकारात कापून नेमकं बसवता येतं, हे खरं. हुशार मुलगी ते काही आठवड्यांत शिकते. यासाठीच्या टचडिझायनर या सॉफ्टवेअरची बिनव्यापारी आवृत्ती फुकट आहे, थ्रीडी चित्रांचं ब्लेंडर तर पूर्ण फुकट. अवघड भाग त्यानंतर येतो. 5000 ल्युमेनचा (ल्युमेन हे प्रकाशाचं माप) प्रोजेक्टर 20 फूट रुंद आणि 10 फूट उंच भिंतीवर पसरवला की चौरस फुटाला फक्त 25 ल्युमेन उरतात. त्यात नटाच्या तोंडावर समोरून लाइट टाकला की तो मागच्या भिंतीवर सांडतो आणि तुमचा पूर धुऊन जातो. मग नटाला भिंतीपासून चार-पाच फूट पुढे आणायचं आणि विंगेतून आडवा किंवा वरून तिरका लाइट द्यायचा, म्हणजे सांडलेला प्रकाश जमिनीवर किंवा समोरच्या विंगेत जातो. आणखी एक अडचण. प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. पडद्यावर काहीच नसतं तेव्हाही भिंतीवर राखाडी चौकोन दिसत राहतो, म्हणून ब्लॅकआउटला लेन्ससमोर झडप पाडावी लागते. फ्लॅट, म्हणजे नेपथ्याची उभी चौकट, दोन इंच सरकला तरी सगळी जुळणी मोडते आणि पडदा उघडण्याआधी ती पुन्हा करावी लागते. हे सगळं प्रकाशयोजनेचं काम आहे. ते लाइट टांगायच्या दांड्याखाली उभं राहून शिकतात.

या कलेचा इतिहासही तेच सांगतो. 1958मध्ये ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात ‘लातेर्ना मागिका’ या चेक प्रयोगाने चित्रपट आणि जिवंत नट एका रंगमंचावर आणले. त्यामागच्या दोघांपैकी योसेफ स्वोबोदा हा मुळात सुतारकाम शिकलेला माणूस, नंतर वास्तुरचनेकडे वळलेला. आपल्याकडे 1959मध्ये कोलकात्यात तापस सेन यांनी ‘अंगार’ या नाटकात कोळशाच्या खाणीत पाणी भरताना दाखवलं, तेही निव्वळ प्रकाशाच्या खेळातून. तुमच्या लेकीनं भिंतीवर पूर चढवला, तो याच घराण्यातला. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला, मग छातीला पाणी लागताना पाहिलेल्या नाशिककराला पूर कसा इंचाइंचाने चढतो ते ठाऊक असतं. तिचा पूरही तसाच सावकाश चढत होता, असं तुम्हीच लिहिलंय. ती गती तिला कुठल्या सॉफ्टवेअरनं दिलेली नाही.

आता पैशांचं. डिप्लोमा घेऊ नका, निदान आत्ता नको. नोंदणीचे पैसे भरले असतील आणि परत मिळत नसतील, तरी पुढचे भरू नका. संस्थेला एवढंच विचारा: दोन वर्षांत तिला खऱ्या रंगमंचावर, खऱ्या प्रयोगात किती वेळा काम मिळेल? उत्तरादाखल लॅबचे फोटो दाखवले तर उठून या. सिंहस्थ बारा वर्षांनी एकदा येतो, त्याच्या भरवशावर चाळीस वर्षांचं काम निवडायचं नसतं. हौशी मराठी रंगभूमीवर या कामाचे पैसे फार मिळत नाहीत, हेही आत्ताच ऐकून ठेवा. पैसा कॉर्पोरेट कार्यक्रम, मोठी लग्नं, संग्रहालयं इथे आहे, आणि तिथेही प्रकाश कळणाऱ्यालाच टिकता येतं.

डिझाइनकडे जायचं असेल तर राष्ट्रीय डिझाइन संस्थेची (एनआयडी) डीएटी आणि आयआयटीसारख्या संस्थांतल्या डिझाइन पदवीसाठीची यूसीड या प्रवेशपरीक्षा बारावीवर देता येतात, पुण्यात नाटक शिकवणारं विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पदवीनंतर, नाटकांचा अनुभव गाठीला असला तरच. यातलं काय हवं ते तिला ठरवू द्या. कदाचित तिला मॅपिंग नकोच असेल, नुसते लाइट्स हवे असतील. तसं असेल तर माझा सल्ला लाइट्सचाच.

राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत नाशिकच्या साईखेडकर किंवा कालिदास नाट्यगृहात जो प्रकाशयोजनाकार काम करत असेल, त्याला भेटा आणि ही मदतनीस म्हणून चालेल का ते विचारा. सोबत तुम्ही जा, पण बोलू द्या तिला. शिडी परत द्या. रबरी तळाचे बूट घेऊन द्या, खाली शिडी धरायला माणूस असल्याशिवाय चढायचं नाही हा नियम घाला आणि वर हात घालण्याआधी मेन बंद करायची सवय लावा.

आणि एक गोष्ट कुठल्याही डिप्लोमापेक्षा तुमच्याकडूनच तिला चांगली शिकता येईल. एक हजार वॅटचा पार, म्हणजे रंगमंचावरचा डब्यासारखा दिवा, 230 व्होल्टला साधारण 4.3 अँपिअर ओढतो. असे चोवीस पार, त्यात प्रकाश कमी-जास्त करणारे डिमर आणि वेगळ्या लाइनवर प्रोजेक्टर, हा सगळा लोड तीन फेजवर कसा वाटायचा, ते या रविवारी तिला कागदावर मांडून दाखवा.